जुन्या शहराचा जीर्णोद्धार : खडकी ते छत्रपती संभाजीनगर

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की धम्मावरचे आणि बाबासाहेबांच्या विचारांवरचे लेख येणारच. त्यांच्या जोडीला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावर एखादा लेख असावा असे आम्हाला वाटले. आपले सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, घाटाच्या अलीकडे. बाजारहाट पाचोरा-जळगावकडे, पण कचेरीचे काम, कोर्ट, मोठा दवाखाना नि पोरांचे शिक्षण म्हटले की घाट चढून शंभरेक किलोमीटरवरचे शहर गाठावेच लागते. त्या शहराला आपण पिढ्यानपिढ्या औरंगाबाद म्हणत आलो. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले.

या शहराचा गाभा, म्हणजे तटबंदीच्या आतले जुने गाव, किती वेळा उजाड झाले आणि किती वेळा पुन्हा उभे राहिले हे फारसे कोणी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत तिथे दरवाजांची दुरुस्ती, रस्त्यांचे रुंदीकरण, जुने वाडे पाडून नव्या इमारती असा धडाका झाला. 'जुन्या शहराचा कायापालट' हे शब्द वर्तमानपत्रांतून वाचायला मिळाले. कायापालट नेमका कशाला म्हणायचे, हे ठरवायला इतिहासाचा आधार घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुलामाने वसवलेले गाव

या परिसरातले सगळ्यांत जुने बांधकाम म्हणजे शहराच्या उत्तरेकडील डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. भिक्खूंनी ही जागा हेरली त्यानंतर हजार वर्षांनी पायथ्याशी शहर आले. त्याआधी इथे खडकी नावाचे खेडे होते. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने त्या खेड्याच्या जागी राजधानी वसवली.

हा मलिक अंबर कोण होता? आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारातून बाजारात फिरत दख्खनमध्ये आलेला माणूस. ज्याची स्वतःची किंमत बाजारात ठरली होती त्याने राज्य चालवले, जमीन महसुलाची घडी बसवली, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले आणि शहर वसवले. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर कोणते? १६१२ साली मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून त्याने भडकल दरवाजा बांधला. त्याच्या जवळच नौखंडा महाल उभा राहिला.

पण हे शहर पाळण्यात असतानाच त्याच्यावर घाला आला. १६१६ साली मोगल फौजेने खडकी लुटली, मोडली. मलिक अंबरने ती पुन्हा उभी केली. १६२१ साली मोगलांनी ती परत जाळली. तीही पुन्हा सावरली. पहिल्या अकरा वर्षांत दोन वेळा जळालेले गाव तिसऱ्यांदा उभे राहते, ते कशाच्या जोरावर? नुसत्या दगड-चुन्याने गाव परत वसत नाही. मोडलेल्या घराकडे माणूस परत यायचा तर तिथे प्यायला पाणी पाहिजे आणि हाताला काम पाहिजे.

पाणी मलिक अंबरने आणले. १६१८ च्या सुमारास झालेली 'नहर-ए-अंबरी' ही त्याची खरी कमाई. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचे झरे अडवायचे, ते पाणी भुयारी दगडी नहरीतून आणि मातीच्या पाईपांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, आणि ठिकठिकाणी बांधलेल्या हौदांत सोडायचे. ना मोटार, ना वीज. मध्ये मध्ये मनोऱ्यासारखे बंबे बांधलेले, म्हणजे पाण्याचा दाब सांभाळला जाई आणि कोंडलेली हवा बाहेर पडे. पुढे याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यातली थत्ते नहर आणि थत्ते हौद त्यांतलेच. १७४४ च्या सुमारास पाणचक्कीला पाणी मिळाले तेही अशाच नहरीतून. त्या पाण्यावर जाते फिरे आणि दर्ग्यावर आलेल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई.

तट, दरवाजे आणि पुरे

मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाला फत्तेनगर नाव दिले. १६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि गावाचे औरंगाबाद झाले. १६८२ च्या सुमारास, बादशहा म्हणून तो इथे असताना, शहराला सुमारे सहा मैलांचा तट घातला गेला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती हे त्याचे कारण. उत्तरेला दिल्ली दरवाजा, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का दरवाजा, ज्याला लोक मकई गेट म्हणतात. हे चार मोठे, नऊ लहान. तटातले, किल्ले अर्कचे आणि आतल्या मोहल्ल्यांचे असे सगळे मिळून 'बावन्न दरवाजांचे शहर' ही म्हण पडली.

तटाच्या आतबाहेर सरदारांनी पुरे वसवले. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, जयसिंगपुरा ही नावे त्या काळची. पुरा म्हणजे सरदाराच्या वाड्याभोवती विणकर, रंगारी, कुंभार, लोहार, भिस्ती आणि वाण्यांची वस्ती. सुती ताण्यावर रेशमी नक्षी काढणारे हिमरूचे कारागीर इथेच नावारूपाला आले. सरदारांची नावे पाट्यांवर राहिली, कारागिरांची राहिली नाहीत. पण कुंभारवाडा, रंगारगल्ली, सराफा या नावांत त्यांचा धंदा तरी शाबूत आहे. शहर कोणाच्या हाताने चालत होते हे या गल्ल्या सांगतात.

मग उतरती कळा लागली. १७६३ साली निजामाची राजधानी हैदराबादला गेली. दरबार गेला, त्याच्यामागे सावकार गेले, सावकारांमागे कारागीर गेले. वाडे कुलूपबंद झाले, नहरींची देखभाल थांबली. तट तसाच उभा होता, दरवाजे शाबूत होते, पण आत जाणारेच घटले. १९०१ च्या शिरगणतीत या एके काळच्या राजधानीची लोकसंख्या जेमतेम ३७ हजार भरली. दगड पडला म्हणून शहर ओस पडत नाही. माणसे गेली म्हणजे शहर ओस पडते, आणि दगड त्यानंतर पडायला लागतो. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तटाबाहेरचे नवे बांधकाम

विसाव्या शतकात शहर परत उठले ते दोन-तीन धक्क्यांनी. १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली. शहागंजात घड्याळाचा मनोरा उभा राहिला आणि भोवती बाजार फुलला. १९२३ पासून किल्ले अर्कच्या आवारात सरकारी महाविद्यालय भरू लागले. औरंगजेबाच्या किल्ल्यात पोरांचे वर्ग! जुन्या वास्तूचा याहून चांगला उपयोग कोणता असेल? पुढे नौखंड्याच्या आवारातही मुलींचे महाविद्यालय झाले, आणि सोनेरी महालात पुराणवस्तूंचे संग्रहालय.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्या वेळी मराठवाड्यात पदवीच्या शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव मिळाले मिलिंद, आणि परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारे भिक्खू नागसेन, ही जोडी ज्याने विद्यालयासाठी निवडली त्याच्या मनात कोणते शहर असेल याची कल्पना करा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारख्यांनी ते रोप वाढवले. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आले.

हे सारे नवे बांधकाम तटाच्या बाहेर, खाम नदीच्या पलीकडे झाले. पण त्याने आतल्या शहराला जीव दिला. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले नव्हते, त्यांची पोरे बारापुल्ला दरवाजातून, महमूद दरवाजातून पुस्तके घेऊन येऊ-जाऊ लागली. कुणी बेगमपुऱ्यात खोली केली, कुणी छावणीत. औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तके घ्यायची, शहागंजात जुने कपडे घ्यायचे, खानावळीत दोन वेळचे जेवायचे. आमच्या तालुक्यातूनही पोरे तशीच गेली. नव्या बांधकामाने जुना बाजार मारला नाही, त्याला गिऱ्हाईक दिले.

त्यानंतरची वाढ मात्र वेगळ्या तऱ्हेची. १९७० नंतर सिडकोने पूर्वेला नवे औरंगाबाद आखले. चिकलठाणा आणि मग वाळूज औद्योगिक वसाहत झाली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला. ८ डिसेंबर १९८२ ला महानगरपालिका स्थापन झाली. १९६१ साली लाखाच्याही आत असलेले शहर १९९१ साली पावणेसहा लाखांच्या घरात आणि २०११ साली पावणेबारा लाखांच्या घरात गेले. पैसेवाली गिऱ्हाइकी जालना रोडकडे, सिडकोतल्या कॅनॉटकडे वळली. २०१० साली प्रोझोन मॉल उघडला. जुना मोंढा जाधववाडीला हलला. गुलमंडी, सराफा, शहागंज यांनी तग धरला, पण अरुंद बोळ, गाड्यांची कोंडी, गळके वाडे आणि वारसांत अडकलेली मालकी यांनी गाभा दमला. 'जुन्या शहराचे काहीतरी केले पाहिजे' ही भाषा त्यातून आली.

डागडुजी आणि पाडापाडी

या 'काहीतरी'चे दोन मार्ग निघाले. एक दुरुस्तीचा, दुसरा पाडण्याचा.

२०१६ साली शहराची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. त्या पैशातून २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्या दरवाजांची आणि शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याची दुरुस्ती झाली. बरीच वर्षे बंद पडलेला मनोरा पुन्हा नीटनेटका झाला. या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जुने बांधकाम चुन्याचे. चुना हळूहळू हवेतला वायू शोषून घट्ट होतो, पण ओल आत कोंडून ठेवत नाही. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी चुन्यातून सावकाश सुकून जाते. त्यावर सिमेंट थापले की वरून भिंत चकचकीत दिसते, आत मात्र ओल अडकते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणून जाणकार दुरुस्तीत आधी सिमेंट खरवडून काढतात, सांध्यांत घुसलेली पिंपळ-वडाची मुळे काढतात, आणि मग विटांची सुरखी घातलेला चुना भरतात. हे काम धीराचे आहे, आणि चुना मळणारा, दगड घडवणारा गवंडी असेल तरच होते. म्हणजे दुरुस्तीनेही हाताला काम मिळते, आणि एक विसरत चाललेली विद्या पुढच्या पिढीला मिळते. २०२१ च्या सुमारास खाम नदीचे पात्र साफ करून काठ सुधारण्याचे कामही हाती घेतले गेले. गावाची घाण वाहणारी नदी पुन्हा नदी दिसावी, हाही जीर्णोद्धारच.

दुसरा मार्ग रस्ता रुंदीकरणाचा. २०१० नंतर जुन्या शहरात आणि २०२५ मध्ये शहरभर मोठ्या प्रमाणावर पाडापाडी झाली. रस्ता रुंद पाहिजे हे कोण नाकारेल? ॲम्ब्युलन्स आत जात नाही, आगीचा बंब वळत नाही, तिथे मरण माणसाचेच. पण मोबदल्याचा हिशेब बघा. ज्याच्या नावावर जागा आहे त्याला पैसा मिळतो किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वाढीव बांधकामाचा हक्क मिळतो. ज्याचा चाळीस वर्षांपासून भाड्याचा गाळा आहे त्याला काय? आणि ओट्यावर बसणारा चांभार, हातगाडीवाला, फुलांची टोपली घेऊन बसणारी बाई, यांच्या नावावर तर काहीच नसते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. आधी त्यांची मोजणी करा, त्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमा, मोजणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवू नका, असे तो सांगतो. हा कायदा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ज्याला कायदा माहीत नाही त्याचे ओझे आधी उचलले जाते.

जगात याचा विचार झालेला नाही असे नाही. इटलीत बोलोन्या नावाचे जुने शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने १९७० च्या दशकात शहराचा जुना गाभा दुरुस्त करायला घेतला, तेव्हा एक गोष्ट पक्की ठरवली. घरे दुरुस्त करायची, पण तिथे राहणारे गरीब भाडेकरू आणि कामगार तिथेच राहिले पाहिजेत. वास्तूइतकीच वस्तीही जपायची वस्तू आहे, हा त्यामागचा विचार. सगळे त्यांच्या मनासारखे झाले नाही, तरी हा विचार पुढे जगभर अभ्यासला गेला. आपल्या शेजारी गुजरातेत अहमदाबादचे जुने शहर २०१७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथेही नुसत्या इमारती मोजल्या गेल्या नाहीत, पोळांमधली माणसांची राहणी मोजली गेली.

दरवाजा जिवंत कशाने राहतो

आमचे म्हणणे एवढेच आहे. इमारतीला दुरुस्तीने शरीर मिळते, जीव मात्र माणसांच्या येण्याजाण्याने येतो. याचा पुरावा शहरातच आहे, भडकल दरवाजापाशी. चारशे वर्षांपूर्वी एका गुलामाने बांधलेला हा विजयाचा दरवाजा. त्याच्यापाशी आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. शहरातल्या भीमसैनिकांच्या सभा, अभिवादन, मोर्चे यांचा तो हक्काचा चौक झाला. तिथून पाणचक्कीवरून, महमूद दरवाजा ओलांडून विद्यापीठाकडे रस्ता जातो. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून सोळा वर्षे लढा झाला, घरे जळाली, माणसे गेली, त्याचा १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दर १४ जानेवारीला त्याच्या प्रवेशद्वारापाशी गावोगावचे लोक येतात. आम्ही तर म्हणू, हा या शहराचा त्रेपन्नावा दरवाजा. भडकल दरवाजापाशी वर्दळ आहे म्हणून कोणी त्याकडे पाठ फिरवू शकत नाही. उलट, रंगरंगोटी करून, दिवे लावून, लोखंडी कठडा घालून ठेवलेला एखादा दरवाजा दहा वर्षांत पुन्हा पिंपळाच्या हवाली होतो, कारण त्याच्याशी कुणाचे काम उरलेले नसते.

आणि पाणी? ज्या शहरात चारशे वर्षांपूर्वी विजेवाचून पाणी खेळवले गेले, त्याच शहरात जायकवाडीचे धरण हाकेच्या अंतरावर असूनही गेल्या दशकात नळाला अनेक दिवसांआड पाणी आले. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च आणखी वाढला. योजना हवीच. पण नहरींचे जे तुकडे अजून शाबूत आहेत त्यांवर पाया खोदला जाऊ नये, बंबे पाडले जाऊ नयेत, एवढे तरी करता येते. दरवाजा सजवायचा आणि नहर बुजवायची, याला जीर्णोद्धार कसे म्हणावे? मलिक अंबरने दोन्ही बांधली होती, आणि गाव परत वसले ते पाण्यामुळे.

शेवटी आपल्या गावाविषयी. सोयगावला आज नगरपंचायत आहे. सोना नदीच्या काठचे जुने गावठाण आहे, डोक्यावर वेताळवाडीचा किल्ला आहे. उद्या इथेही रस्ते रुंद होतील, गाळे बांधले जातील, चौक 'सुशोभित' होतील. व्हावेतच. त्या वेळी आराखडा सूचना-हरकतींसाठी लावला जाईल तेव्हा तो वाचायला आपली पोरे गेली पाहिजेत. त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. इथे आज जो राहतो, जो बसतो, तो नंतर कुठे असेल? या कामात पाण्याची वाट मोडते की सुधारते? आणि जे बांधता आहात त्याच्याशी रोज कुणाचे काम पडणार आहे? या तिन्हींची उत्तरे लेखी घ्यावीत. राजा मिलिंदाने प्रश्न विचारले म्हणून नागसेनांची उत्तरे जगाला मिळाली. प्रश्न विचारण्याची ती रीत आपल्याला परकी नाही.